रिफ, रिकामी जागा आणि जिन्यातले ड्रम्स: ब्लूजवर उभं राहणारं हार्ड रॉक गाणं कसं करायचं

माझ्या जॅमरूमवर नवीन बँड आला की पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट ठरलेली. गिटारवाला केबल लावतो आणि गेनचं, म्हणजे आवाज फाडणारं, बटण थेट दहावर नेतो. मग जो काही आवाज निघतो त्यात ड्रमरची किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, ऐकू येत नाही, माझा बेस तर नाहीच नाही. वर "हेवी पाहिजे ना ताई" हे स्पष्टीकरण. अरे बाबा, हेवी पाहिजे म्हणूनच सांगतेय, चारवर आण.

ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांतून, आलेल्या हार्ड रॉकचं वजन डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज फाडण्यात, नसतं, दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत असतं. तिथे खोली घुमते, तार थरथरत राहते, गायक श्वास घेतो. ती जागा भरून टाकली की नुसता गोंगाट उरतो. पुढे जे सांगतेय ते सगळं ती जागा कशी राखायची याबद्दलच आहे. तुमच्याकडे गिटार, बेस, ड्रम्स, गाणारं कुणीतरी, दोन-तीन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप आहे असं धरून चालते.

आधी दोन रेकॉर्डिंग ऐका

१९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला. बांध फुटले, लाखो माणसं बेघर झाली, आणि त्यात काळ्या शेतमजुरांचे हाल सगळ्यात वाईट झाले. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या नवरा-बायकोनं कोलंबिया कंपनीसाठी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (‘बांध फुटतो तेव्हा’) हे गाणं रेकॉर्ड केलं. दोन गिटारी, जोचा आवाज, संपलं. चाल तशी हलकी, चालती. शब्द कळले नाहीत तर हे पुराचं गाणं आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

१९७१ मध्ये लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडनं तेच गाणं आपल्या चौथ्या अल्बमवर घेतलं आणि सात मिनिटांचं केलं. शब्दांतलं बरंचसं ठेवलं, बाकी सगळं बदललं. लय ओढून संथ केली, कॉर्ड बदलायचं जवळजवळ सोडूनच दिलं, एकाच सुराभोवती गिटार फिरवत ठेवली आणि सगळ्यात पुढे ड्रम्स आणून ठेवले.

दोन्ही पाठोपाठ ऐका, वही घेऊन बसा. पहिल्यात गायकाला उत्तर कोण देतं? दुसऱ्यात कोण देतं? स्नेअरचा (काडीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) एक ठोका पडल्यावर पुढचा पडेपर्यंत तुम्हाला काय काय ऐकू येतं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला निम्मं पान लागलं नाही तर परत ऐका.

मधल्या बेचाळीस वर्षांत काय झालं ते थोडक्यात. १९४३ मध्ये मडी वॉटर्स हा ब्लूजवाला मिसिसिपीहून शिकागोला आला. तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार कुणाला ऐकू जाईना, म्हणून इलेक्ट्रिक हातात घेतली. त्या रेकॉर्ड इंग्लंडमधल्या पोरांनी घासून घासून ऐकल्या. लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रम शिकवणाऱ्या दुकानदारानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरच्या बेसमन ॲम्पवरून स्वतःचा ॲम्प बनवला, तो जास्त मोठा वाजायचा आणि लवकर फाटायचा. हार्ड रॉक यातूनच उभं राहिलं.

सूर पाचच, पण एक निसटता

ई मायनर पेंटॅटोनिक घ्या: ई, जी, ए, बी, डी. ज्यांचे कान रागसंगीतावर तयार झालेत त्यांनी ई हा सा धरला तर हे धानीचे सूर आहेत: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे सूर नवीन नाहीत, फक्त लावायची रीत निराळी. धानीत गंधार आपल्या जागी असतो. ब्लूजमध्ये तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो, आणि सगळा जीव त्या लोंबकळण्यात आहे. म आणि प यांच्या मधला बी फ्लॅट, म्हणजे तीव्र म, जाताजाता लावायचा. तिथे मुक्काम करायचा नाही.

हे हाताला असं शिकवा. सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड ई, तिसरा फ्रेट. जी वाजेल. आता वाजवता वाजवता तार जमिनीच्या दिशेनं किंचित ओढा. वर ढकललीत तर ती फ्रेटबोर्डवरून निसटेल. पुढचा अर्धा सूर गाठायचा नाही, त्याच्या निम्म्यावर थांबायचं. ट्यूनर लावून बघू नका, ट्यूनर चूकच दाखवणार. गुणगुणून बघा. गळ्याला ती जागा बोटांच्या आधी सापडते.

रिफ

रिफ म्हणजे परत परत येणारं, दोन बारचं वाक्य समजा; एक बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन. मी शिकवायला वापरते तो देते, यावरून तुमचा करा. लय ८० बीपीएम, चार मात्रा, मोजायचं ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’.

पहिला बार. ‘एक’वर उघडी जाड ई, तशीच वाजत ठेवा. ‘दोन’नंतरच्या ‘आणि’वर तिसऱ्या फ्रेटचा जी, तो वर सांगितलेला किंचित ओढलेला. ‘तीन’वर परत उघडी ई. ‘चार’वर तळहातानं तारा दाबून पूर्ण बंद.

दुसरा बार. ‘एक’वर काहीही नाही. ‘एक’नंतरच्या ‘आणि’वर पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट, डी. ‘दोन’वर त्याच तारेचा दुसरा फ्रेट, बी. त्यानंतरच्या ‘आणि’वर उघडी ए. ‘तीन’वर सहाव्या तारेचा जी, आणि ‘तीन’नंतरच्या ‘आणि’वर उघडी ई, ती बार संपेपर्यंत.

आता ड्रमरला सांगा: स्नेअर ‘दोन’ आणि ‘चार’वर, दुसऱ्या बारच्या ‘एक’वर फक्त किक. म्हणजे गिटार जिथे गप्प आहे तिथे पहिल्या बारच्या शेवटी एकटा स्नेअर पडतो आणि लगेच एकटी किक. दोन्ही ठोके आपोआप मोठे वाटतात. कुणी आवाज वाढवलेला नसतो.

‘आणि’ बरोबर मधोमध टाकू नका, केसभर उशिरा येऊ द्या. पूर्ण शफल, म्हणजे लंगडत चालल्यासारखी लय, नको, त्यानं गाणं उड्या मारायला लागतं. ड्रमर सरळ ठेवतोय आणि गिटार जराशी मागे रेलतेय, अशी ओढाताण हवी. मेट्रोनोम लावून हे साधणं कठीण आहे. मी तर मेट्रोनोम फक्त स्नेअरच्या जागी, ‘दोन’ आणि ‘चार’वर वाजतोय असं मानून सराव करायला लावते. पहिले दोन-तीन दिवस सगळे शिव्या देतात.

बेससाठी वेगळं सांगायला हवं, कारण बहुतेक बेसवाले रिफ जशीच्या तशी खाली वाजवत बसतात. पहिल्या बारमध्ये वाजवा हवं तर. दुसऱ्या बारमध्ये गिटार खाली उतरत येते तेव्हा तुम्ही ‘दोन’पासून ईवरच उभे राहा. वरचे सूर हलतात, खालची जमीन हलत नाही, आणि तेवढ्यानंच रिफ दुप्पट जाड वाटते. ‘एक’वर मात्र तुम्हीही गप्प. तिथे बोट वळवळलं तर सगळं मुसळ केरात.

बारा बारचा सांगाडा, आणि तो कधी मोडायचा

जुना सांगाडा असा: चार बार ई, दोन बार ए, दोन बार ई, मग एक बी, एक ए, आणि शेवटचे दोन ई. रिफ एवर न्यायची तर सगळी बोटं तशीच एक तार पुढे सरकवा, गिटारच्या जाड तारा तशाच जुळवलेल्या असतात. शब्दांची रीतही यातच बसते: एक ओळ, तीच ओळ परत, मग तिसरी ओळ उत्तरादाखल. प्रत्येक ओळ दोन बार, त्यानंतरचे दोन बार गिटारचे. गायक गातोय तेव्हा गिटारनं नुसती पहिली ई धरून ठेवायची, पूर्ण रिफ फक्त उत्तराला. हा नियम मोडायचा मोह गिटारवाल्यांना फार होतो. मोडू देऊ नका.

दोन कडवी अशी झाली की सांगाडा टाकून द्या. आठ बार नुसत्या ईवर, कॉर्ड बदल नाही. ऐकणाऱ्याच्या कानाला आता एची सवय लागलेली असते, तो वाट बघतो, तुम्ही देत नाही. १९७१ च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये हाच ताण मिनिटामिनिटानं वाढवत नेलाय.

शब्द

मराठीत करा की. इंग्रजीत ‘बेबी’ आणि ‘हायवे’ घालून गाणी करणारे पुष्कळ आहेत. पुराचं गाणं हवं असेल तर आम्हा पुणेकरांना मिसिसिपीपर्यंत जायची गरज नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. इथे जुन्या घरात कुणालाही विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते हात वर करून दाखवतात. मी शिकवताना हे कडवं वापरते:

धरण फुटलं वरती, खाली चूल पेटलेली
हो, धरण फुटलं वरती, खाली चूल पेटलेली
पानं मांडून होईतो दारात नदी आलेली

तीन गोष्टी बघा. पाण्याचं वर्णन नाही, चुलीचं आणि पानांचं आहे. दुसरी ओळ तीच आहे, पण पुढे ‘हो’ लागल्यानं ती अर्ध्या मात्रेनं सरकते, आणि तेवढ्यानं पहिलीची नक्कल वाटत नाही. तिसऱ्या ओळीत नुसती बातमी आहे, दुःख हा शब्द कुठे नाही. ‘अश्रू’, ‘वेदना’, ‘काळोख’ हे शब्द वहीत आले की मी खोडते.

गाताना भावगीताची सवय आड येते. आपले गायक प्रत्येक सूर गोल करून, घासूनपुसून ठेवतात. इथे ओळीचा शेवट सोडून द्यायचा, खाली पडू द्यायचा. ‘पेटलेली’तला ‘ली’ लांबवू नका. मुरकी तर नकोच. बोलता बोलता आवाज चढला, एवढंच वाटलं पाहिजे.

ॲम्प, तारा आणि आपली वीज

गेन चार, फार तर पाच. बास मध्ये, मिडल वर, ट्रेबल कानाला बोचणार नाही इतपत. जोर पिकमधून येऊ द्या: हळू वाजवलं तर जवळजवळ स्वच्छ, जोरात मारलं तर फाटलेलं. ॲम्प असं दोन्ही करतोय तिथे थांबा. मग तीच रिफ दोनदा वेगवेगळी वाजवून रेकॉर्ड करा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर काहीच होत नाही, तो मधोमधच ऐकू येतो. दोन टेकमधला बारीकसा फरकच रुंदी देतो.

गुणगुण येत असेल तर आधी प्लगचं अर्थिंग बघा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर बहुतेक गोंधळ तिथेच किंवा केबलच्या शिल्डमध्ये आहे. तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. ती पिन शॉक लागू नये म्हणून आहे. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा.

बोटांना जाड तारा झेपत नसतील तर पातळ लावा, कमीपणा नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्र्याच्या यंत्राखाली गेली. तो डावरा, म्हणजे हीच तारा दाबायची बोटं. त्यानं टोपणं करून बोटांवर चढवली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. तो सैल, खोल आवाज लोकांनी नंतर हौसेनं उचलला.

जिन्यातले ड्रम्स

आता माझा लाडका भाग. हॅम्पशरमध्ये हेडली ग्रेंज नावाची जुनी दगडी इमारत आहे, एके काळी गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायचं वर्कहाउस होतं. झेपलिन तिथे राहिले होते. बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगची गाडी उभी. जॉन बॉनमचे ड्रम्स खालच्या दालनात, जिन्याच्या पायथ्याशी मांडले. रेकॉर्डिस्ट अँडी जॉन्सनं बायरडायनॅमिकचे दोन एम १६० माइक वर जिन्यातून लटकवले, आवाज दाबून कॉम्प्रेस केला आणि बिन्सन एकोरेक नावाच्या इटालियन यंत्राचा एको त्यात मिसळला. आज डझनभर माइक लावूनही तो आवाज लोकांना सापडत नाही, कारण ते माइक ड्रमजवळ लावतात. तिथे तर मुळात जिना रेकॉर्ड झालाय.

जिना आपल्याकडेही आहे. सोसायटीचा, चार मजली, खाली पार्किंग, कोटा नाही तर मोझॅक. आधी टाळी वाजवून बघा. घुमणं ‘एक हजार एक’ म्हणेतो विरलं तर उत्तम. त्याच्या दुपटीहून लांबलं तर पहिल्या मजल्याच्या कठड्यावर दोन गोधड्या टाका. दुपारी एक ते चार विसरा, लोक झोपतात. सकाळी अकराची वेळ बरी, शाळेची पोरं गेलेली असतात आणि कुकर अजून लागायचे असतात. सेक्रेटरींना आदल्या दिवशी जाऊन भेटायचं, व्हॉट्सॲपवर नाही. आमचा संवाद साधारण असा होतो:

"काका, उद्या अकरा ते एक जिन्यात ड्रम वाजवू का?"

"गणपतीला वेळ आहे अजून."

"गणपतीचं नाही, रेकॉर्डिंग आहे."

"मग एकला बंद म्हणजे एकला बंद. आणि लिफ्टसमोर काही ठेवू नका."

लिफ्ट मात्र त्या दोन तासांत कुणी वापरू नये म्हणून वॉचमनकाकांना तळाशी उभं करावं लागतं. तिची मोटर थेट किकच्या सुरात घुमते.

ड्रम्स खाली. एक माइक पहिल्या मजल्याच्या वळणावर, दुसरा त्याच्या वर अर्ध्या मजल्यावर, दोन्ही कठड्याबाहेर काढून खाली तोंड. हवा तर तिसरा किकपाशी, पण मिक्समध्ये तो अगदी कमी, फक्त कडा दाखवायला. किकच्या पोटात कोंबलेली उशी काढून टाका. क्रॅश झांज जवळजवळ वाजवायचीच नाही, जिन्यात तिचा धूर होतो आणि सगळं झाकून टाकतो. हायहॅट नेहमीपेक्षा हलक्या हातानं, किक आणि स्नेअर नेहमीपेक्षा जोरात. ड्रमरला हा तोल वाजवतानाच साधावा लागतो, कारण नंतर वेगळं करायला वेगळे ट्रॅक नाहीतच. लय संथ का हवी तेही इथे कळतं: घाईत वाजवलं तर एका ठोक्याचं घुमणं विरायच्या आत दुसरा येऊन बसतो.

मग कॉम्प्रेसर सढळ हातानं लावा, म्हणजे ठोका खाली दबेल आणि घुमणं वर येईल.

सावकाश करा, शब्दशः

झेपलिननं त्या गाण्याचा वेगही मिक्स करताना उतरवला होता. टेप हळू चालवली की वेगाबरोबर सूरही खाली येतो, आणि सगळं जड, ओलं वाटायला लागतं. लॅपटॉपवर हेच करा: ८० वर वाजवलेले ड्रम्स, बेस, गिटारी साडेपंचाहत्तरवर आणा, पण ‘पिच तसाच ठेवा’ हा पर्याय बंद करून. बरोबर अर्धा सूर उतरतो, ईचा ई फ्लॅट होतो. गायकाचा आवाज यानंतर रेकॉर्ड करायचा, म्हणजे गायक माणसासारखा ऐकू येईल आणि त्यालाही अर्धा सूर सुटका. एको आता लावा, साधारण ४०० मिलिसेकंदांचा, तो अर्ध्या मात्रेवर पडतो.

हार्मोनिका घालायची असेल तर वेग उतरवायच्या आधीच वाजवून घ्या. ईमधल्या ब्लूजला ए पट्टीची हार्मोनिका लागते, ती दुकानात मिळते. नंतर वाजवायला गेलात तर ए फ्लॅटची लागेल आणि ती शोधत बसाल.

सोलो? बारा बार पुष्कळ झाले. गायकानं जे गायलं तेच आधी वाजवा, मग त्याला उत्तर द्या, मग थांबा.

नावं

शेवटी अपलोड करताना श्रेयाचा रकाना नीट भरा. पाच सूर आणि बारा बार कुणाच्या मालकीचे नाहीत, ते वापरा खुशाल. शब्द किंवा चाल कुणाची उचलली असेल तर त्याचं नाव घालायलाच हवं. पुराच्या त्या गाण्यावर झेपलिननं स्वतःबरोबर मेम्फिस मिनीचं नाव घातलं, जो मॅकॉयचं राहिलं. दुसऱ्या एका गाण्यात विली डिक्सन या ब्लूज गीतकाराचे शब्द होते, त्याचं नाव घातलं नाही, तेव्हा त्यानं १९८५ मध्ये दावा लावला आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. ड्रमरचं नाव मोठं लिहा. आभारात सेक्रेटरीकाका आणि वॉचमनकाका पाहिजेतच, पुढचं गाणंही त्याच जिन्यात करायचंय.